पाच गोळ्यांवरून

शेजारच्या बाकावरच्या मुलाने पाच गोळ्या झाडल्या, क्रोनोग्राफच्या, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावरचे आकडे वहीत उतरवले आणि दुसऱ्या डबीतून आणखी पाच काडतुसं काढली. रायफल तीच, गोळी तीच, दारूही त्याच वजनाची. बदलला होता फक्त प्रायमर, पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचाच्या, बुडाशी बसणारी आणि दारू पेटवणारी ती जेमतेम पाच मिलिमीटरची टोपी. पहिल्या पाचांचे वेग एकमेकांना धरून होते, एसडी, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, आली सेकंदाला 6 फूट. दुसऱ्या पाचांची आली 14. गोळ्यांचे वेग सरासरीपासून किती भरकटले त्याचं हे माप, जितकं लहान तितकं चांगलं. त्याने मान हलवली, बॅगेतून त्या दुसऱ्या प्रायमरचा जवळजवळ भरलेला डबा काढला आणि माझ्यापुढे धरला. हवे असले तर घेऊन जा, माझ्या काही कामाचे नाहीत, म्हणाला. वाईट मुलगा नव्हता. उलट फार मन लावून काम करणारा होता. प्रत्येक पुंगळीची मान तपासलेली, प्रत्येक काडतुसावर बारीक अक्षरात नोंद. एवढं सगळं करून निकाल मात्र पाच गोळ्यांवरून लावून तो मोकळा झाला. मी डबा घेतला. घरी येताना, मका नुकताच वर आलेल्या ओहायोच्या सपाट शेतांमधून गाडी चालवताना, ते 6 आणि 14 डोक्यातून जाईनात.

आठवडाभर गेले नाहीत.

रविवारी पुण्याला अण्णांना व्हिडिओ कॉल केला तेव्हा न राहवून सांगितलं. अण्णांनी उमेदीची वर्षं खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत काढली, त्यातली बरीच डेंजर बिल्डिंगमध्ये, म्हणजे जिथे स्फोटकं हाताळतात तिथे. आमचं बालपण रेंजहिल्सच्या क्वार्टरमध्ये गेलं. भोंगा झाला की पोळ्या डब्यात, दुसरा भोंगा व्हायच्या आत सायकल फाटकाबाहेर. कारखाना 1869 सालचा. आमच्या गल्लीत बापाच्या जागी मुलगा लागलेली घरं होती. आत काय चालतं ते अण्णा कधी सांगत नसत. ‘काम’ एवढंच. पण बाहेर जे दिसायचं त्यावरून आम्ही आतलं ताडायचो. त्यांच्या बुटांना खिळे नसत. खिशात कधी काडेपेटी नसे, शेगडी पेटवायलासुद्धा ती आईकडे मागायचे. दिवाळीत केपांची बंदूक हातात मिळायची, पण टिकल्यांचा रोल दगडाने ठेचायला सक्त मनाई. एवढ्याशा लाल ठिपक्याला ते इतकं का जपतात ते तेव्हा कळायचं नाही. रायफलचा प्रायमर म्हणजे त्या टिकलीचाच शहाणा, शिकलेला भाऊ: ठोका बसला की पेटणारं औषध, फक्त धातूच्या वाटीत कोंडलेलं आणि कमालीच्या काटेकोरपणे मोजलेलं.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “किती झाडल्या म्हणालीस?”

“पाच. आणि पाच.”

“मग त्याला अजून काहीच कळलेलं नाही,” ते म्हणाले. कुत्सितपणे नाही, कोणी भात शिजायच्या आधी झाकण काढलं तर आई ज्या सुरात बोलायची त्या सुरात. मग लॉट आणि नमुन्यावर बोलत राहिले. लॉट, म्हणजे एका खेपेला बनलेला सगळा माल, मोठा असतो, नमुना लहान, म्हणून नमुना काढणारा हात आंधळा असला पाहिजे. हाताला आवडनिवड असली की नमुना खोटं बोलतो. त्यांच्या कामाबद्दल इतकं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते.

नंतर मी कागद घेऊन बसले. पाच गोळ्यांवरून एसडी 10 आली, तर खरी एसडी, म्हणजे हजारो गोळ्या झाडल्यावर जी दिसेल ती, 6 ते 29 यांच्या दरम्यान आहे एवढंच 95 टक्के खात्रीने म्हणता येतं. सहा ते एकोणतीस! म्हणजे सोनंही आणि पितळही. तीस गोळ्या झाडल्या तर तीच पट्टी 8 ते साडेतेरापर्यंत आवळत येते. आणि त्या मुलाचं 6 आणि 14? एकाच डब्यातले प्रायमर दोनदा पाच-पाच गोळ्यांना वापरले, तरी दोन आकड्यांत इतकी किंवा याहून मोठी तफावत साधारण आठातून एकदा नुसत्या योगायोगाने पडते. त्या डब्यात खोट असेलही, नसेलही. पाच गोळ्यांना ते सांगता येत नाही आणि आपण मात्र त्यांच्याकडून वदवून घेतो.

हे सगळं मला इतकं का लागतं, ते सांगायचं तर शेजारच्या आजोबांबद्दल सांगायला हवं. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा ते नुकतेच लेथवरच्या कामातून निवृत्त झालेले होते. आमची मुलं त्यांना आजोबाच म्हणतात. त्यांनीही तो शब्द आनंदाने घेतला. त्यांच्या तळघरात एक लांब बाक आहे, त्याच्या कडेला हिरवट रंगाचा प्रेस, तराजू, आणि कोपऱ्यात अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात पुंगळ्या घोळवणारं यंत्र, त्याची सतत घरघर. पितळेचा, तेलाचा आणि जळक्या दारूचा मिळून जो वास तिथे असतो तो मला खडकीच्या सायकलीच्या हँडलपर्यंत नेऊन सोडतो. काडतूस भरायला, म्हणजे झाडलेल्या पुंगळीत नवा प्रायमर, दारू आणि गोळी बसवायला, मी तिथे शिकले. जोखायला, पाहायला आणि थांबायला. आजोबांचा पहिला नियम: बाकावर एका वेळी एकाच दारूचा डबा. दुसरा: प्रायमर बदलला की जुना हिशोब रद्द, दारू कमी करून पुन्हा खालून चढत यायचं, कारण प्रायमर बदलल्याने नळीतला दाबही बदलतो. तिसरा: जेवणाआधी हात थंड पाण्याने आणि साबणाने धुवायचे. प्रायमरच्या औषधात शिशाचं संयुग असतं आणि ते काम करणाऱ्याच्या रक्तात उतरू शकतं.

मला त्यातली सर्वांत आवडती गोष्ट प्रायमर बसवण्याची. शंभरांची ट्रे उघडायची, खाचा असलेल्या तबकडीत त्या टोप्या ओतायच्या आणि हलक्या हाताने हलवायचं; टिकटिक टिकटिक करत एकेक टोपी उलटी होते, सगळ्या एका तोंडाने निजतात. मग हातातल्या छोट्या अवजाराने एकेक पुंगळी घ्यायची आणि मूठ आवळायची. आधी थोडा विरोध, मग सरकणं, मग तळाला टेकल्याचं बोटांना कळतं. तिथे थांबायचं. टोपी पुंगळीच्या बुडापेक्षा केसभर आत गेलेली हवी, इंचाच्या हजाराव्या भागात मोजावी अशी. अर्धवट वर राहिली तर फायरिंग पिनचा निम्मा ठोका तिला खाली ढकलण्यात वाया जातो आणि पेट एकसारखा घेत नाही. प्रायमर वाईट म्हणून ज्यांना नावं ठेवली जातात त्यांतले कितीतरी नुसते नीट न बसलेले असतात, असं माझं मत आहे.

आत घडतं ते असं. पिन वाटीच्या पाठीवर आदळते, वाटी आत दबते, तिच्या आणि ऐरणीच्या मध्ये औषध चिरडलं जातं. ऐरण हा शब्द आजोबा वापरतात तेव्हा मला लोहाराचा भाता आठवतो, पण ही ऐरण तांदळाच्या दाण्याहून लहान. औषध भडकतं, ज्वाळा पुंगळीच्या तळाच्या दोनेक मिलिमीटरच्या छिद्रातून आत शिरते आणि दारूला पेटवते. औषधाचं वजन एका ग्रेनपेक्षाही (ग्रेन म्हणजे साधारण 65 मिलिग्राम) कमी, त्यामागे दारू चाळीस-पंचेचाळीस ग्रेन. पिन टेकल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत सगळा खेळ काही मिलिसेकंदांचा. 1807 साली ठोक्याने पेटणाऱ्या औषधाचं पेटंट घेतलं ते स्कॉटलंडच्या बेलहेल्वी गावच्या अलेक्झांडर फोरसाइथ नावाच्या पाद्र्याने. चकमकीच्या बंदुकीतून आधी धुराचा लोट उठायचा, पक्षी सावध होऊन उडायचे, आणि शिकारी पाद्र्याला ते सहन होईना. पुढे साठेक वर्षांनी इंग्लंडच्या बॉक्सरने ऐरण टोपीतच बसवली, अमेरिकेच्या बर्डनने ती पुंगळीतच घडवली. गंमत अशी की अमेरिकेत घरोघरी रुजला तो इंग्रजाचा प्रायमर, कारण वापरलेली टोपी मधल्या एका छिद्रातून सुईने सरळ ढकलून काढता येते. बॉक्सरची टोपी नसती तर आजोबांचं तळघर असं भरलं नसतं.

प्रायमर जितका तापट तितकी गोळी वेगवान, असं नव्याने शिकणाऱ्याला वाटतं. ते अर्धंच खरं. मोठ्या पुंगळीत, भरपूर आणि सहज न पेटणाऱ्या गोलकणी दारूसाठी, किंवा कडाक्याच्या थंडीत, मॅग्नम प्रायमरची लांब, गरम ज्वाळा उपयोगी पडते. पण पुंगळी लहान, दारू लवकर पेट घेणारी, आणि प्रायमर दांडगा, तर दारू नीट पेटायच्या आधीच त्याचा धक्का गोळीला मानेतून थोडी हलवू शकतो. कधी किती हलली याचा नेम नाही, म्हणून दर वेळी दाब वेगळा चढतो. .308 या रायफलच्या काडतुसाची पुंगळी लापुआ कंपनीने लहान रायफल प्रायमरच्या मापातही काढली ती याच विचाराने. पाल्माच्या स्पर्धेत, जी 1876 पासून चालत आली आहे आणि 800, 900, 1000 यार्डांवरून खेळली जाते, नेमबाजांना हवी असते ती मऊ आणि दर वेळी तीच अशी ठिणगी.

दर वेळी तीच. माझ्या मते प्रायमरबद्दलचं सगळं या तीन शब्दांत आहे.

समजा एका प्रायमरने गोळी सेकंदाला 20 फूट जास्त वेगाने जाते. शंभर यार्डांवर हा फरक डोळ्याला दिसतही नाही, तिथे वाऱ्याची झुळूक आणि आपला श्वास त्याला गिळून टाकतो. हजार यार्डांवर .308 च्या गोळीला वेगातला 10 फुटांचा फरक म्हणजे उंचीत साडेतीनेक इंच. तेव्हा 20 फुटांचे सात इंच. ऐकायला भयंकर, पण हा फरक कायमचा असेल तर त्याचं काहीच वाटायला नको: साइटच्या, म्हणजे नेम धरायच्या साधनाच्या, कोनातल्या पाव मिनिटाच्या एका क्लिकला हजार यार्डांवर अडीचेक इंच, म्हणजे तीन क्लिक दिल्या की हिशोब संपला. सरासरी बदलली तर क्लिक आहे. विखुरण्याला क्लिक नाही. एसडी 10 असेल तर वीस गोळ्यांच्या फेरीत सर्वांत वेगवान आणि सर्वांत संथ गोळीत साधारण 37 फुटांचं अंतर पडतं, आणि हजार यार्डांवर ती उभी रेघ तेरा इंच लांब होते, वारा आणि हात एकदम निर्दोष धरले तरी. रायफल टेकूवर ठेवून लांबवर खेळायच्या एफ-क्लासच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळच मुळी दहा इंचांचं. म्हणून एसडीसाठी माणसं रात्री जागवतात ते मला वेडेपणाचं वाटत नाही. मला सलते ती घाई. ज्या गोष्टीला मोजायलाच इतका वेळ लागतो तिच्यावर एका दुपारी शिक्का मारून टाकणं.

2020 च्या सुमारास टंचाई आली तेव्हा या सगळ्या शिक्क्यांची परीक्षाच झाली. दुकानांतली प्रायमरची फळी रिकामी, दारावर ‘एका गिऱ्हाइकाला एकच डबा’ अशी पाटी, ट्रक कधी येतो याची फोनाफोनी. नावाजलेला मॅच प्रायमर, म्हणजे खास स्पर्धेसाठी बनवलेला, ज्यांच्याकडे साठवलेला होता ते तो सोन्यासारखा जपू लागले, बाकीच्यांनी मिळेल तो घेतला: लाल डबा, निळा डबा, रशियाच्या मूरोमचा कुठून तरी शिल्लक राहिलेला. आमच्या क्लबच्या स्पर्धांत लोक ओशाळत सांगायचे, आज काय वापरलंय विचारू नका. आणि तरी गुणफलकावर वरची नावं तीच राहिली. ज्यांना वारा वाचता यायचा ती. मला त्या दिवसांत आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं, कारण त्या मॅच प्रायमरच्या डब्यावर माझीही श्रद्धा होती. अशी श्रद्धा सोडताना काहीतरी हरवतंच.

आपल्याकडे, भारतात, घरी काडतुसं भरायचा प्रश्नच येत नाही. परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. आणि आपले नावाजलेले रायफलपटू खेळतात ती .22 तर पुन्हा भरताच येत नाही. तिथे वेगळी टोपीच नसते. ओलसर औषध पुंगळीत टाकून ती गरगर फिरवतात, ते बुडाच्या पोकळ कडेत पसरतं, आणि पिन त्या कडेवरच आदळते. कडेभर औषध सगळीकडे सारखं बसलं की नाही, हे नेमबाजाच्या हातात नाही. मग त्याच्या हातात उरतं लॉट निवडणं. रायफल शिकंज्यात आवळायची, वेगवेगळ्या लॉटच्या दहा-दहा गोळ्या 50 मीटरवर झाडायच्या, जी भोकं सर्वांत जवळ पडली तो लॉट विकत घ्यायचा. तिथलं दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला विश्वविजेतेपद मिळवलं तेही 50 मीटरवर, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला 451.4 गुणांचं कांस्य घेतलं तेही. तो अंतिम सामना मी इथे भल्या पहाटे उठून पाहिला. सगळे त्याचा चेहरा पाहत होते, मी त्याची बोटं पाहत होते, पेटीतून एकेक काडतूस उचलणारी. प्रत्येकाच्या कडेत कुठे तरी ते औषध पसरलेलं, आणि त्याला त्यावर विश्वास टाकण्यावाचून गत्यंतर नाही.

हे लिहिताना मला हेही लपवायचं नाही की या छंदाचं ओझं मला वाटतं. मुलीच्या शाळेत लॉकडाउन ड्रिल होते. शाळेत कोणी बंदूक घेऊन शिरलं तर दिवे बंद करून बाकाखाली गप्प बसायची तालीम. त्या दिवशी ती घरी आल्यावर मी तळघरात जात नाही. रायफल तिजोरीत असते, ज्याच्याशिवाय गोळी झाडता येत नाही तो बोल्ट वेगळ्या जागी, किल्ली माझ्या गळ्यात. तरीही बातम्या लागल्या की कागदी लक्ष्यावरची ती सुंदर एक-भोकी रचना मला पाहवत नाही. एकदा मी अण्णांना विचारलं होतं, तुम्ही जे बनवत होता ते कुठे जायचं याचा विचार यायचा का? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, जे आपल्या हातून जातं ते नीट गेलं पाहिजे, एवढंच मी बघायचो. हे उत्तर मला पुरत नाही. त्यांनाही पुरत होतं असं वाटत नाही.

त्या मुलाच्या डब्याचं आम्ही मग नीट काय ते पाहिलं. आजोबांनी त्यांचा लाडका प्रायमर काढला, मी हा. दोन्हींसाठी खालून चढत येऊन दाबाची खात्री केली. एकाच लॉटच्या पुंगळ्या, एकाच डब्यातली दारू, दोघांचं मिळून एकच वजन ठरवलेलं. काडतुसं भरून झाल्यावर माझ्या नवऱ्याने, ज्याला यातलं काही कळत नाही आणि म्हणूनच तो योग्य माणूस होता, ती एकसारख्या पेट्यांत ठेवून नुसते आकडे घातले. कोणता आकडा कोणाचा ते त्याच्या फोनमध्ये. अण्णांचा आंधळा हात. रेंजवर एक गोळी या पेटीतली, एक त्या पेटीतली, म्हणजे नळी तापली तरी दोघांसाठी सारखीच. मे गेला, जून गेला, नोंदी वाढत गेल्या. आजोबा दर वेळी आज कोणती पेटी गोड चालली ते सांगायचे आणि नवरा चेहरा कोरा ठेवायचा.

फोन उघडला तेव्हा असं निघालं: सरासरी वेगात वीसेक फुटांचा फरक होता, प्रत्येक सत्रात एकाच बाजूला झुकलेला, तेव्हा तो खरा मानायला हरकत नाही. वेगवान होता तो टाकून दिलेला डबा. एसडी मात्र दोघांची इतकी जवळ होती की वेगळी म्हणावी असं काहीच हातात आलं नाही. आजोबांनी गोड ठरवलेल्या पेट्या निम्म्या याच्या, निम्म्या त्याच्या. ते कागद पुढे ओढून बराच वेळ पाहत राहिले. चाळीस वर्षं मी तोच वापरला, म्हणाले, आणि मग, पुढेही तोच वापरीन, पण आता कारण वेगळं आहे. कोणतं, ते मी विचारलं नाही. त्या प्रायमरचा पहिला डबा त्यांच्या बायकोने दिला होता हे मला माहीत आहे.

एक प्रश्न उरला आहे, तो थंडीचा. ही सगळी मोजणी उन्हाळ्यात झाली. लहान प्रायमरची पुंगळी कडाक्याच्या गारठ्यात पेट घ्यायला अडते, कधी उशिरा उडते, कधी उडतच नाही, असं इथले जुने लोक सांगतात, आणि ते तर्काला धरूनही आहे: ज्वाळा लहान, दारू गारठलेली. तेव्हा पुढची फेरी जानेवारीत, एरी सरोवराकडून वारा सुटला की. लहान प्रायमरच्या पुंगळ्या मागवल्या आहेत. आजोबांना त्या थंडीत बाकावर फार वेळ बसवणार नाही, ते गाडीत हीटर लावून नोंदी लिहितील असं ठरलं आहे. न उडालेलं काडतूस नळीत असेल तर रायफल लक्ष्याकडेच रोखून किती वेळ थांबायचं ते त्यांनी मला आत्तापासून दोनदा बजावलंय. नवऱ्यालाही सांगून ठेवलंय, आकडे या वेळी कागदावर लिही, गारठ्यात फोन बंद पडतो.